कादंबरीतला कैदी तू नव्हतास, मामा

मामा, कामतमास्तर म्हणतात, "मजकूर तयारच आहे. वर 'कैलासवासी' घाला, खाली तारीख बदला, झालं."

तुला जाऊन आज तिसरा दिवस. गिरगावात मी जिथे मुद्रितं तपासते, त्या छापखान्यात खिडकीजवळच्या फळीवर तुझ्या नावाचं हँडबिल शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, सुतळीने बांधून तसंच ठेवलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वीचं. लिहिलेलंही मीच. 'चौदा वर्षांच्या काळकोठडीनेही ज्यांचा कणा वाकला नाही, त्या सखाराम धुरी यांचे दोन शब्द ऐकायला हजारोंनी या!' आता 'दोन शब्द ऐकायला'च्या जागी 'स्मृतीला वंदन करायला' एवढं बसवलं की परवाच्या शोकसभेची सोय झाली. कामतमास्तर काही दुष्ट नाहीत. चळवळीतले आमच्या विभागाचे चिटणीस आहेत, मोर्चे त्यांच्या डोक्यावर, सत्याग्रहींच्या याद्या त्यांच्या पिशवीत. जुळवलेला मजकूर वाया का घालवायचा, इतकंच त्यांचं म्हणणं.

मी काल सुतळी कापली. एकेक खिळा उचलून त्याच्या त्याच्या खणात परत टाकला. 'कणा वाकला नाही' हे मोडायला सगळ्यांत आधी घेतलं.

म्हणजे आता दुसरा मजकूर हवा. तो लिहिण्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. जिवंतपणी तू भांडू दिलंस कुठे? मी तावातावाने दहा वाक्यं बोलायचे आणि तू सुपातले तांदूळ निवडत एकच शब्द टाकायचास. "खोटां." खोटं काय, खरं काय, ते कधी सांगायचा नाहीस. त्या हँडबिलातलं खोटं माझं आहे, मान्य. पण ते मी आणलं कुठून? तू बोलत नव्हतास, म्हणून पुस्तकांतून आणलं. अर्धा दोष तुझा आहे.

रविवारी गिरण्या बंद. आईच्या खानावळीत दुपारची पंगत उठली, ताटं मोरीत गेली, की माणसं भिंतीला टेकून बसायची आणि मी वाचायचे. गिरगावच्या वाचनालयातून ट्रामने मांडीवर घेऊन आणलेल्या त्या जाड कादंबऱ्या, परमुलखातल्या, मराठीत उतरवलेल्या, पानं पिवळी पडलेल्या. नियम खानावळीने ठरवलेले होते. डोंगर-नद्यांचं वर्णन गाळायचं. प्रेमपत्रं अर्धी गाळायची. कोर्ट आणि तुरुंग मात्र एक अक्षर न सोडता. त्या जुन्या लेखकांना तुरुंगाचं भारी वेड. दर तिसऱ्या पुस्तकात कुणीतरी निरपराध आत जातो, वर्षानुवर्षं सडतो आणि बाहेर येतो तो आधीपेक्षा मोठा होऊन. एक तिथे विद्वान होतो. एक सूडाचा बेत इतका घासूनपुसून ठेवतो की सुटल्यावर तारखेवार अमलात आणतो. एक सगळ्यांना क्षमा करतो आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज येतं. ज्याला वेड लागतं त्याचं वेडही देखणं, पांढरी दाढी, दूरवर लागलेली नजर, आणि शेवटच्या प्रकरणात कुणाच्या तरी मुलीने हात धरला की तोही बरा.

गिरणीत साच्यांवर काम करणारा गोविंद सगळ्यांत पुढे बसायचा. "सोडू नको रे त्याला! फौजदाराला आधी धर!" असं पुस्तकातल्या माणसाला ओरडून सांगायचा. आणि तू मोरीच्या बाजूला, सूप मांडीवर घेऊन.

एकदा कोठडीतल्या उंदराचं प्रकरण आलं. कैदी त्याला घास भरवतो, त्याच्याशी बोलतो. बाया डोळे पुसत होत्या. तू म्हणालास, "उंदरान माझी भाकरी खाल्ल्यान. त्याच्याशी दोस्ती कसली?"

सगळे हसले. मीही हसले. मग सूडाचं प्रकरण आलं. सुटलेला माणूस बाजारात गर्दीतून आपल्या वैऱ्याला अचूक ओळखतो. गोविंद गुडघ्यांवर उभा राहिला होता. तू विचारलंस, "चौदा वर्सांनी ह्येका वैऱ्याचां तोंड आठवता?"

"आठवतं तर! द्वेष होता ना त्याच्या मनात," मी म्हटलं.

"माका माझ्या आवशीचां आठवत नाय."

कुणीच हसलं नाही. आईने भांड्यांवर पाणी सोडलं, जोरात. मामा, मी काय केलं आठवतं? मी पान उलटलं आणि पुढे वाचलं. तुझी आई म्हणजे माझी आजी. तू आत असताना गावीच वारली. तिचं तोंड तुझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. इतकी भयंकर गोष्ट त्या खोलीत त्या आधी कुणी उच्चारली नव्हती, आणि मला घाई होती वैऱ्याचं काय होतं त्याची.

आणि ते वाक्य! कुठल्या पुस्तकातलं ते आता विसरले, प्रत्येक पुस्तकात असतंच काहीतरी तसं. लेखकाला कंटाळा येतो आणि तो लिहितो की अशी कित्येक वर्षे लोटली. नवं प्रकरण. तू हात वर केलास, शाळेतल्या मुलासारखा.

"परत वाच."

वाचलं.

"झाली वर्सां?"

"झाली."

"बरां," म्हणालास. आणि मग तांदळातला खडा बाजूला टाकून, कुणालाच उद्देशून नव्हे असं, "ह्या एका वळीत माझो जल्म गेलो."

मला तेव्हा राग आला होता तुझा. वाचनाचा रंग घालवलास म्हणून. आता त्या लेखकांचा येतो. इतक्या जाड कादंबऱ्या, मेजवानीतल्या चमच्यांना दीड पान, आणि माणूस ज्याने आतून पोखरला जातो त्याला एक ओळ! का? कारण तिथे काहीच घडत नाही. काहीच न घडण्याने माणसाचं काय होतं, हे लिहायला तिथे बसावं लागतं. ते बसले नाहीत. आम्ही वाचणारेही बसलो नाही. आम्हाला सुटकेचा दिवस हवा होता.

तुझ्या सुटकेचा दिवस मला आठवतो. मी शाळेत होते. तू आईच्या दारात उभा होतास, हातात पिशवी. दार सताड उघडं. आई आत फोडणी देत होती, तिने पाहिलं नव्हतं. तू उभाच. मी म्हटलं, "कोण पाहिजे?" तू म्हणालास, "आत येव?" घर तुझ्या सख्ख्या बहिणीचं.

गिरणीच्या फाटकावर संपाच्या वेळी दगड आले, पहारेकरी मेला, धरलेल्या चौघांत तू एक. दगड तू मारलास की नाही, हे तू आईलाही सांगितलं नाहीस. परक्यांच्या राज्यात आत गेलास, आपल्या राज्यात बाहेर आलास, आणि कुठल्याच गिरणीने तुला पुन्हा फाटकातून आत घेतलं नाही. मग खानावळीत तांदूळ, मोरी, कोळशाच्या गोणी. आई विचारायची, "दादा, आज भाजी खयची करू?" आणि तू असा गोंधळायचास की तिने नंतर विचारणंच सोडून दिलं.

माझा छापखान्यातला पहिला दिवस. तू मला पोचवायला गिरगावपर्यंत आलास. दारात मी म्हटलं, "मामा, थांब हं इथे," कारण मला वाटलं, नोकरी मिळाली की नाही ते लगेच येऊन सांगते. मिळाली, लगेच कामाला बसवलं, आणि मी तुला विसरले. संध्याकाळी बाहेर पडले तर तू समोरच्या फुटपाथवर, जिथे सोडलं होतं तिथेच. ना पाणी, ना चहा. मी म्हटलं, "अरे, वेडा की काय तू? घरी जायचं ना!" तू म्हणालास, "तू थांब म्हणालंस."

ही गोष्ट मी वर्षभर विनोद म्हणून सांगितली. खानावळीत सांगितली, छापखान्यात सांगितली, तुझ्यासमोर सांगितली. तूही हसायचास. मामा, तू का हसायचास? एक थोबाडीत का नाही दिलीस मला?

आणि तरीही मी मॅट्रिक झाले ती तुझ्यामुळे. पंगतीच्या गोंगाटात मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले की तू माझ्यापुढे येऊन पाठ करून बसायचास, भिंत होऊन, तासन् तास, न हलता. इतकं न हलता कुणाला बसता येतं? तेव्हा वाटायचं, केवढी माया. माया होतीच. पण तसं बसायला तुला कुणी शिकवलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

आता त्या सभेचं.

चळवळ पेटलेली होती. मुंबई आमची आहे आणि ती आम्हाला मिळत नाही, आमच्या माणसांवर गोळ्या चालतात, आणि वर्तमानपत्रं आम्हाला गुंड म्हणतात. मला लोकांपुढे उभा करायला माणूस हवा होता, ज्याच्याकडे बघून तुरुंगाची भीती जाईल. मी तुला विचारलं नाही, तुझं नाव छापलं. कामतमास्तर खूश. लालबागच्या चाळींमधल्या मैदानात व्यासपीठ, दिवस मावळायच्या आधीची वेळ, माणूस मावत नव्हता. तुला नवा सदरा घातला होता, रंग मी निवडला. मी माईकवर म्हणाले, "आपण आता आपले अनुभव सांगाल." मामाला आपण! तू मागे वळून पाहिलंस, हे 'आपण' कोण आले म्हणून.

तू उभा राहिलास. पुढची माणसं नीट दिसावं म्हणून उठायला लागली. आणि मागून आमच्याच स्वयंसेवकाने शिट्टी मारून आवाज दिला, "बसा! खाली बसा! सगळे खाली बसा!"

गर्दी बसेपर्यंत तू बसलेला होतास. व्यासपीठावर. माईकसमोर. उकिडवा, हात गुडघ्यांवर, मान खाली. तुरुंगात गिनतीला बसतात तसा. शिट्टी आणि 'बसा', यांच्यामध्ये तुझ्याकडे विचार करायला जागाच उरली नव्हती. मैदानभर माणसं तुझ्याकडे बघत होती. मग कुठूनतरी हसू फुटलं. मी तुला उठवायला दंड धरला तर तू हलेनास, कारण उठायचा हुकूम अजून झाला नव्हता.

घरी आल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिते, म्हणजे निदान एका कागदावर खरं राहील. मी म्हणाले, "मामा, नाक कापलंस माझं. चौदा वर्षांत एवढंच शिकलास?"

तू म्हणालास, "होय."

त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. एकाच खोलीत. दोन महिने. सत्याग्रहाच्या तुकडीत माझं नाव लागलं, त्या सकाळी आई रडली, चाळीने ओवाळलं, आणि तू कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा पुढे केलास. "ह्यो घेवन जा, बाय." मला वाटलं, काय हे, लोक हार घालतायत आणि हा साबण देतोय! मी तो खिडकीत ठेवून निघाले. तिसऱ्या दिवशी बराकीत, अंगाला खाज सुटलेली असताना, मला कळलं की एवढ्या वर्षांत तुरुंगाबद्दल तू आपणहून मला सांगितलेली ती एकमेव गोष्ट होती. आणि ती मी खिडकीत ठेवली.

नऊ दिवस, मामा. फक्त नऊ, तेही राजकीय कैदी म्हणून, गाणी म्हणत, चाळीस बायकांत. आणि सहाव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की घंटा व्हायच्या आधीच माझा हात थाळी घेऊन पुढे झालाय. सुटायच्या दिवशी जमादारीणबाई म्हणाली, "जा," आणि मी त्या लहानशा दारात थांबले. माझ्या तोंडून आलं, "जाऊ?"

मी घरी लालबागपर्यंत अक्षरशः पळत आले. तुला हेच सांगायला. माफी मागायला नाही, मला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. नुसतं सांगायला की मी 'जाऊ?' म्हणाले. आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "बाय, काल दुपारी." छातीत कफ साचला होता, ताप होता, डॉक्टर दोनदा येऊन गेले. दोन दिवस तू एकच विचारत होतास म्हणे, "तिका पाणी प्येवक मिळता मां?"

एक दिवस! त्या सरकारला मला एक दिवस आधी सोडता आलं नाही, आणि तुला एक दिवस थांबता आलं नाही. एरवी 'थांब' म्हटलं की दिवसभर थांबायचास.

*

वरचं लिहून चार दिवस झाले. शोकसभा परवा झाली. काय झालं ते तुला सांगते.

नवा मजकूर मी जुळाऱ्यांना दिला नाही, स्वतः जुळवला. त्यात विशेषणं नाहीत. सखाराम धुरी चौदा वर्षं तुरुंगात होते. बाहेर आल्यावर त्यांना भाजी निवडता येत नसे. उघड्या दारातून विचारल्याशिवाय आत येता येत नसे. आईचा चेहरा आठवत नसे. व्यासपीठावर ते का बसले, त्याचं कारण हे आहे. आपण त्यांना हसलो. तुरुंग माणसाचा कणा मोडतो, आणि मोडलेल्या कण्याने ते आणखी सहा वर्षं आपली भांडी घासत होते. ज्यांना मुंबईसाठी आत जायचं आहे त्यांनी हे वाचून जावं.

कामतमास्तरांनी दोनदा वाचलं. "हे वाचून कोण येईल हो? आया पोरांना दारात अडवतील."

"अडवू दे."

"आणि मुंबई कोण घेणार? तुमचं खरं बोलणं?"

"फसवून नेलेली माणसं घेणार का?"

"फसवून कोण नेतंय? धीर देतोय आपण, धीर!" ते चिडले. त्यांचा स्वतःचा मुलगा पुढच्या तुकडीत आहे. शेवटी म्हणाले, "छापा. पण खाली विभागाचं नाव नको. तुमचं घाला." मी माझं घातलं.

सभेत गोविंद हँडबिल हातात घेऊन उभा राहिला, म्हणाला, "मी हसलो होतो," आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशी यादीतून तीन नावं गेली. दोघांना आयांनी अडवलं, एकाने स्वतः येऊन सांगितलं, "ताई, मला नाही झेपणार." कामतमास्तरांनी यादी माझ्यापुढे आपटली. ती तीन नावं मी कापली, मान्य. मला वाईट वाटलं का? वाटलं. आम्हाला एकेक माणूस हवा आहे. पण त्या पोराला खोटं बोलून पुन्हा आणा म्हणाले तर मी आणणार नाही.

काल आईला मी ते वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, आणि सभेला ती आलीच नव्हती. परातीत पीठ होतं, ती मळत राहिली. झाल्यावर म्हणाली, "माझां नाव घाल."

"कशात?"

"तुमच्या यादीत."

"आई, डोकं ठिकाणावर आहे का? खानावळ कोण बघणार?"

"चार दीस हाताने करून खातीत. मरूचे नाय." मग हात धुतले, पदराला पुसले. "चौदा वर्सां मी त्येका भेटाक एकदाय गेलंय नाय, बाय. लोक काय म्हणतीत म्हणान. आणि भियालंय. त्यान कधी विचारल्यान नाय, मी का नाय इलंय ता."

मला हे माहीत नव्हतं. तुम्ही दोघं भावंडं एका मोरीवर भांडी घासत होतात आणि एकमेकांना एवढं सांगितलं नव्हतंत. मी संतापले, तिच्यावर, तुझ्यावर, आणि नाव लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, दुसरी घेतली.

लिहून झाल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि पोरीसारखी विचारायला लागली. आत गेल्यावर पहिल्या दिवशी काय होतं? कपडे काढून घेतात का? दार लावतात तेव्हा आवाज कसा येतो? मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. नऊ दिवसांचं. ते लगेच संपलं.

"आणि मगे?" ती म्हणाली.

मगचं माहीत असलेला माणूस सहा वर्षं या खोलीत सूप घेऊन बसला होता, आणि आम्ही त्याला कादंबरी वाचून दाखवत होतो.